निगेटिव्ह रिपोर्ट आणि चार तासांचे यंत्र : डायालिसिसवर असताना झालेल्या करोनाचा माझा अनुभव

डायालिसिसवर असलेल्या माणसाला ‘घरीच राहा’ ही सूचना पाळता येत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा मी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास, हेमोडायालिसिस घेत होते. उच्च रक्तदाबाने माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली असल्यामुळे रक्तातील युरिया आणि पोटॅशियम कमी करणे व अंगात साठलेले पाणी काढणे हे काम यंत्रालाच करावे लागते, आणि त्यात फार खंड पडला तर काय होते हे आम्हा रुग्णांना कोणी वेगळे सांगावे लागत नाही. ज्या डायालिसिस सेंटरमध्ये मला जावे लागे तिथले सभागृह बंदिस्त आणि वातानुकूलित होते आणि तिथे एका वेळी दहा-बारा रुग्ण तासन्‌तास शेजारी शेजारी पडून असत. थोडक्यात, जे जे टाळा म्हणून टीव्हीवरून दिवसरात्र सांगितले जात होते ते सगळे तिथे एकाच छताखाली होते.

सेंटरने आपल्या परीने खबरदारी घेतली होती. दारातच ताप तपासला जाई, नातेवाइकांना बाहेर थांबवले जाई आणि प्रत्येक शिफ्टनंतर खाटा व यंत्रे हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसली जात. डायालिसिस चालू असताना इडली किंवा पोहे खाण्याची आमची जुनी पद्धत, मास्क काढावा लागतो म्हणून, बंद झाली. त्याचा त्रास मधुमेही रुग्णांना अधिक झाला, कारण चार तासांत त्यांची साखर उतरते. लोकल बंद असल्यामुळे बदलापूर-कर्जतकडून येणाऱ्या टेक्निशियन मुलांचे हाल झाले. काही जण आठवडा आठवडा सेंटरमध्येच झोपत, तरीही मनुष्यबळ अपुरे पडल्यामुळे काही रुग्णांना तीनऐवजी दोनदाच बोलावले जाऊ लागले. भांडुपहून निघताना नाकाबंदीवर पोलीस अडवत, तेव्हा मी फाइल काढण्याऐवजी डाव्या हाताची बाही वर करून फुगलेला फिस्टुला (डायालिसिसच्या सुया लावण्यासाठी धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा) दाखवत असे आणि बहुतेक वेळा तेवढे पुरे होई.

मला संसर्ग झाला तो जूनच्या शेवटी. ताप आलाच नाही. डायालिसिसच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती मंद असल्यामुळे पुष्कळांना सणसणून ताप येत नाही, हे मला नंतर समजले. डायालिसिसनंतरचा थकवा आमच्या नेहमीच्या सवयीचा, त्यामुळे थकव्यावरूनही काही कळण्यासारखे नव्हते. खरी शंका आली ती गुरुवारी सेंटरच्या दारात ऑक्सिमीटरवर ९३ आकडा दिसला तेव्हा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला दम लागला की पहिला संशय फुप्फुसात साठलेल्या पाण्याचा येतो, आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्येही हे पाणी आणि करोनाचा न्यूमोनिया कित्येकदा सारखेच धूसर दिसतात. आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांनी यावर जो मार्ग काढला तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी मला कोपऱ्यातील यंत्रावर घेऊन नेहमीपेक्षा जास्त, जवळजवळ तीन लिटर, पाणी काढायला लावले. दम पाण्यामुळे असता तर ऑक्सिजनची पातळी वर यायला हवी होती. वजन ड्राय वेटच्याही (अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाच्याही) खाली गेले, पायात गोळे आले, तरी आकडा ९३ वरून हलला नाही. त्यानंतर लगेच स्वॅब आणि सीटी स्कॅन झाले आणि शुक्रवारी रात्री पॉझिटिव्हचा निरोप आला.

शनिवारी सकाळी सेंटरमधून फोन आला. बोलणारा मुलगा माझ्या हाताला नेहमी सुया लावणाराच होता आणि त्याच्या आवाजातच अवघडलेपण होते. “ताई, सध्या येऊ नका. निगेटिव्ह रिपोर्ट आला की त्याच दिवशी घेतो तुम्हाला.” त्याचा राग येण्याचे कारण नव्हते. सेंटरमध्ये वेगळी खोली नव्हती आणि एका रुग्णामुळे संपूर्ण सेंटर सील झाले तर तिथल्या सगळ्यांनाच दारोदार फिरावे लागले असते. त्या दिवसांत मुंबईत असे प्रकार झालेही होते. परंतु या अटीतला हिशेब मुळातच चुकीचा होता. स्वॅब निगेटिव्ह यायला दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात आणि डायालिसिस दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. ज्ञात पॉझिटिव्ह रुग्णाला स्वतंत्र खोलीत किंवा ते जमत नसेल तर दिवसाच्या शेवटच्या शिफ्टमध्ये, इतरांपासून अंतर राखून घ्यावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आणि मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले होते. मात्र कागदावरची सूचना आणि भाड्याच्या जागेतले एकच सभागृह यांचा मेळ बसवायचा कोणी, हा प्रश्न होता.

त्या शनिवार-रविवारी घरात दोन आघाड्या चालू होत्या. यजमान फोनवर होते. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावरून, रुग्णांना खाटा मिळवून देणाऱ्या आमच्या वॉर्डच्या वॉर रूमशी संपर्क झाला. तिथल्या मुलीला ‘खाट हवी’ आणि ‘डायालिसिसची सोय असलेली खाट हवी’ यांतला फरक समजावून सांगावा लागला, पण एकदा समजल्यावर तिने आपण होऊन पुन्हा पुन्हा फोन केले. दुसरीकडे आमचे डॉक्टर शहरातील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आपसातील ग्रुपवर कोणत्या कोविड रुग्णालयात कोणत्या वेळी यंत्र मोकळे आहे याची चौकशी करत होते. शेवटी जागा मिळाली ती या दोन्ही प्रयत्नांमुळे मिळून.

माझी आघाडी पोटॅशियमची होती. पोटॅशियम रक्तात वाढत गेले तर हृदयाची लय बिघडते आणि ती बिघडण्यापूर्वी फारशी पूर्वसूचना मिळेलच असे नाही. त्यामुळे भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन मगच फोडणीला टाकायच्या. डाळ जवळजवळ बंद. फळे पूर्ण बंद. पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर दिवसातून तीनदा. आणि दिवसभरात पाणी, चहा, औषधाचे घोट सगळे मिळून अर्धा लिटर. याच दोन दिवसांत सोसायटीतील लोकांनी अतिशय प्रेमाने दारात शहाळी, मोसंबी, लिंबे आणि काढ्याच्या पुड्या आणून ठेवल्या. त्या काळी प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी जे जे सुचवले जात होते, म्हणजे वारंवार गरम पाणी, काढा, शहाळ्याचे पाणी, मोसंबीचा रस, ते जवळजवळ सगळे डायालिसिसच्या रुग्णाला अपायकारक आहे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचेही तेच. त्यांतून तयार होणारे ऑक्झलेट मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नसल्यामुळे ते शरीरात साठत जाते. शहाळी मुलाने प्यायली.

रविवारी रात्री उशिरा एका कोविड रुग्णालयात दाखल झाले आणि सोमवारी पहाटे यंत्र मिळाले. गुरुवारनंतर ते पहिलेच डायालिसिस होते. तोवर पावले सुजून चपलेत मावेनाशी झाली होती आणि आडवे झोपणे अशक्य झाल्यामुळे मी बसूनच रात्र काढली होती. ऑक्सिजनचा मास्क लावलेलाच होता. त्या कक्षात डायालिसिससाठी शुद्ध पाण्याची नळजोडणी नव्हती. एका वेळच्या डायालिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागते, म्हणून यंत्राबरोबर पाणी शुद्ध करणारा चाकांचा लहान आरओ माझ्या खाटेपर्यंत ढकलत आणला गेला, एक नळी न्हाणीघराच्या नळाला लावली आणि वापरलेले पाणी वाहून नेणारी दुसरी नळी फरशीवरून तिथल्याच मोरीत सोडली.

सुया लावण्याचा प्रसंग मला सर्वांत स्पष्ट आठवतो. फिस्टुलात सुई घालताना अनुभवी टेक्निशियन डोळ्यांपेक्षा बोटांवर विसंबतो; कातडीखाली रक्ताची जी थरथर लागते तिच्यावरून शिरेची वाट आणि खोली त्याला कळते. इथे सिस्टरच्या हातांत दोन हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि गॉगलच्या आत वाफ. तिला थरथर लागेना आणि धड दिसेनाही. माझा फिस्टुला मला ठाऊक होता, म्हणून मी उजव्या हाताच्या बोटाने वरची आणि खालची जागा दाखवली, सुई कोणत्या कोनात जाते तेही सांगितले, आणि पहिली सुई चुकून कोपराजवळ मोठी गाठ आल्यावर दुसरी नीट बसली. फिस्टुला नवा असलेल्या किंवा ग्लानीत असलेल्या रुग्णाचे त्या कक्षात काय होत असेल, हा विचार तेव्हाही मनात आला. पीपीई किट घातलेली ती मुलगी पाच-सहा तास पाण्याचा घोटही घेऊ शकत नव्हती. तहान म्हणजे काय हे त्या खोलीत आम्हा दोघींनाही चांगलेच कळत होते.

तिसऱ्या तासाला डायलायझरमध्ये, म्हणजे बारीक पोकळ तंतूंनी भरलेल्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, रक्त गोठू लागले. एरवी डायालिसिस संपल्यावर रक्त परत देताना त्यातले तंतू पांढरे होत जातात. इथे त्यांत काळसर रेघा उमटल्या, यंत्राचा दाब वाढून अलार्म वाजू लागला आणि थोडे रक्त वाया घालवून संच बदलावा लागला. करोनात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते याचा तो प्रत्यक्ष पुरावाच होता. पुढच्या वेळेपासून रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची मात्रा वाढवली गेली. वॉर्डातील तरुण डॉक्टरांनी इतर रुग्णांप्रमाणे मलाही पोटाच्या कातडीखाली टोचायचे, त्याच जातीचे एनॉक्सापॅरिन लिहिले होते, पण ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्यामुळे आमच्यासारख्यांच्या अंगात साठून रक्तस्राव होऊ शकतो. आमच्या डॉक्टरांनी फोनवरून ते बदलून साधे हेपारिन ठेवले. कोणत्याही औषधापूर्वी ‘मी डायालिसिसवर आहे, मात्रा तपासली का?’ असे विचारण्याची मला सवय होती. कोविड कक्षात, जिथे रोज नवे चेहरे ड्यूटीवर येत, तिथे ती फार उपयोगी पडली.

रेमडेसिव्हिरच्या मागे त्या दिवसांत सगळे धावत होते. यजमानही ते शोधायला निघाले होते, पण मूत्रपिंडांचे कार्य फारच कमी असलेल्या रुग्णांना ते देऊ नये अशी त्या वेळच्या उपचारपद्धतीतच सूचना असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि तो विषय संपला. (अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डायालिसिसच्या रुग्णांनाही ते देण्यास पुढे २०२३ मध्ये मान्यता दिली.) मला मिळाले ते डेक्सामेथासोन हे स्वस्त आणि जुने स्टेरॉइड. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी होतात, हा ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जूनच्या मध्यात जाहीर झालेला होता आणि त्याची मात्रा मूत्रपिंडांसाठी बदलावी लागत नाही. ऑक्सिजनची गरज हळूहळू कमी होत गेली.

माझ्या कक्षात आलेले सगळेच घरी गेले नाहीत. युरोपातील नोंदींनुसार पहिल्या लाटेत डायालिसिसच्या बाधित रुग्णांपैकी साधारण २० ते २५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. हे आकडे मी बरी झाल्यावर वाचले आणि आधी वाचले नाहीत ते बरे झाले असे वाटले. आमच्या सेंटरच्या सकाळच्या शिफ्टमधील एक काका, जे सर्वांच्या आधी येऊन खिडकीजवळची खाट धरत, ते त्याच महिन्यात गेले.

तब्येत सुधारली तरी प्रकरण मिटले नव्हते. ८ मे २०२० च्या नव्या धोरणानुसार सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी पुन्हा चाचणी करण्याची गरज उरली नव्हती, त्यामुळे रुग्णालय मला सोडायला तयार होते. सेंटरला मात्र निगेटिव्ह रिपोर्टच हवा होता आणि माझे स्वॅब पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येत होते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या निर्जीव अवशेषांनाही पकडते, आणि डायालिसिसच्या रुग्णांत हे अवशेष बराच काळ सापडत राहतात. रुग्णालयाच्या दृष्टीने मी बरी, सेंटरच्या दृष्टीने मी बाधित, आणि पुढचे डायालिसिस परवावर आलेले! ही कोंडी डॉक्टरांच्या एका पत्राने फुटली. लक्षणे सुरू होऊन किती काळ लोटला, ताप किती दिवस नाही आणि चाचणी पॉझिटिव्ह असूनही संसर्गाचा धोका का उरलेला नाही, हे त्यांनी मुद्देसूद लिहून दिले आणि पहिले काही दिवस मला रात्रीच्या शेवटच्या शिफ्टमध्ये, कोपऱ्यातील यंत्रावर, एकाच ठरावीक टेक्निशियनकडून घ्यावे असे सुचवले. सेंटरने ते मान्य केले. प्रत्येक वेळच्या पीपीई किटचे पैसे बिलात वेगळे लागले, आणि मला न सांगता लागले, ही माझी तक्रार मी तेव्हाही लेखी दिली होती.

लसीची वेळ १ मार्च २०२१ रोजी आली. साठीच्या पुढील सर्व नागरिक आणि ४५ ते ५९ वयोगटातील ठरावीक सहव्याधी असलेले लोक यांना ती सुरू झाली आणि त्या यादीत हेमोडायालिसिसवरील रुग्णांचा स्पष्ट उल्लेख होता. ४५ च्या आतील आमच्या तरुण रुग्णांना मात्र मे महिन्यापर्यंत ताटकळावे लागले, ज्याचे समर्थन मला आजही करता येत नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवून मी लस घेतली, अर्थात फिस्टुला नसलेल्या हातावर. आमच्यात लसीचा प्रतिसाद कमी येतो, म्हणूनच हिपॅटायटिस बीची लससुद्धा आम्हाला दुप्पट मात्रेने देतात, असे सांगून डॉक्टरांनी मास्क सोडू नका म्हणून बजावले होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तोवर सेंटरने साठवणीच्या खोलीत दोन यंत्रे बसवून पॉझिटिव्ह रुग्णांसाठी वेगळी शिफ्ट सुरू केली होती, आणि ज्या डॉक्टरांच्या पत्रावर मला परत घेतले होते त्याच पत्राचा मजकूर आता छापील फॉर्म म्हणून वापरला जात होता. त्या लाटेत आमच्या शिफ्टमधील कोणालाही निगेटिव्ह रिपोर्टसाठी घरी थांबवले गेले नाही.