स्लॅबमध्ये प्लास्टिक नको, अंगणात चालेल

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय, बाटल्या बारीक करून काँक्रीटमध्ये टाका, घर स्वस्त नि कचरा गायब. आमच्या खानापूर रोडच्या साइटवर घरमालकानं विचारलंच, "आपल्या स्लॅबमध्ये घालूया की हो थोडं?" मी काय बोलायच्या आधी गवंडी मामा म्हणाले, "खाली तुम्हीच झोपणार न्हवं?"

लोकं इथं दोन गोष्टींची गल्लत करतात. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन, २०१८ ला पद्मश्री मिळालेले, त्यांचं काम डांबरी रस्त्याचं. तिथं खडी तापवतात, प्लास्टिक वितळून तिच्यावर लेप बसतो आणि त्याला डांबर घट्ट धरतं. काँक्रीटमध्ये कसली आलीय उष्णता, प्लास्टिक आत नुसतं पडून राहतं. लॅबमध्ये ताकद तपासायला असल्या काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळा, फोडलेला मी बघितलाय, फुटलेल्या तोंडावर बाटलीचे तुकडे चकचकीत, सिमेंटचा कण चिकटलेला नाही, नखानं तुकडा उचकटला की खाली गुळगुळीत खळगा. मग प्लास्टिक वाढवाल तशी ताकद उतरणारच, आणि आग लागली तर बाटलीचं प्लास्टिक अडीचशे डिग्रीच्या आसपास वितळतं ते वेगळंच.

पण सगळंच बोगस आहे असं पण नाही हां. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथल्या इंजिनियरिंग कॉलेजनं इंग्लंडच्या बाथ युनिव्हर्सिटीबरोबर केलेलं काम २०१८ ला छापून आलं, १० टक्के वाळूच्या जागी प्लास्टिक, आणि त्यातल्या त्यात बाटल्यांचा चुरा वाळूच्याच मापाचा दळलेला असला तर ताकद फार पडत नाही. नदीच्या वाळूचे आपल्याकडं काय हाल आहेत ते बघता हे कामाचं आहे. फक्त एक लक्षात घ्या, यात वाचते ती वाळू, सिमेंट नाही, आणि काँक्रीटचा कार्बन मुख्यतः सिमेंटमधून येतो, त्यामुळं "ग्रीन घर" असला बोर्ड लावायची घाई नको.

मालकाला मी अंगणातले पेवर ब्लॉक सुचवलेत, तिथं वर छप्पर पेलायचं नसतं. त्यांना पटलंय. घोडं अडलंय ते चुऱ्यापाशी, कारण भंगारवाला सगळं एकत्रच देतो. झाकणं वेगळ्या प्लास्टिकची असतात, तुकडे करून पाण्याच्या बादलीत टाकले की झाकणाचे वर तरंगतात नि बाटलीचे तळाला बसतात, एवढं सोपं आहे. पण लेबलं काढून, धुऊन, वाळवून, दळून देणार कोण, आणि कुठल्या रेटनं?