नऊ हजार माझेच, पण मागून घ्यावे लागले

थर्ड इयरला असताना बाणेरच्या एका छोट्या कंपनीत कोडिंगची इंटर्नशिप केली, जुलै ते डिसेंबर २०२४. स्टायपेंड पंधरा हजार ठरला होता आणि अकाउंटला यायचे साडेतेरा. मला पहिले दोन महिने वाटलं की सुट्टीचे कापत असतील, विचारायचीही लाज वाटली. मग कळलं की टीडीएस आहे, पैसे देणारा आधीच कापून सरकारला भरतो तो टॅक्स, १० टक्के. म्हणजे सहा महिन्यांत ९ हजार गेले, आणि आमच्या मेसचे तीन महिने निघाले असते त्यात!

खालच्या मजल्यावरचे काका सीए आहेत, ते म्हणाले, अगं ते गेले नाहीत, तुझ्या पॅनवर सरकारजमा आहेत, रिटर्न भरलंस की परत. २०२४-२५ ला टॅक्सच्या नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत टॅक्सच नव्हता आणि माझी कमाई सगळी मिळून ९० हजार. म्हणजे मला रिटर्न भरायची सक्ती नव्हती, पण रिफंड हवा असेल तर भरल्याशिवाय मिळत नाही. हे कॉलेजात कुणी सांगत नाही राव. चार वर्षं मॅथ्स शिकवतात पण २६एएस कशाला म्हणतात हे नाही.

तर २६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर कुणी किती टॅक्स कापून भरला त्याचा हिशोब, आयकरच्या पोर्टलवरून बघता येतो. मी जूनमध्ये उघडून बघितला तर फक्त साडेचार हजार दिसत होते. जुलै ते सप्टेंबरचे तेवढे, पुढच्या तिमाहीचं काहीच नाही. एचआरला मेल केला आणि वर शहाणपणा करून फॉर्म १६, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट, पण मागितला, तर उत्तर आलं की तुम्ही एम्प्लॉयी नव्हता, फॉर्म १६ मिळणार नाही. बरोबरच होतं त्यांचं, १६ पगारवाल्यांना असतो, आपल्याला १६ए. पण टीडीएसचं काय, तर "प्रोसेसमध्ये आहे". हे प्रोसेसमध्ये आहे मी दीड महिना ऐकलं, दर सोमवारी एक मेल टाकायचे, शेवटी त्यांच्या अकाउंट्सवाल्याने त्या तिमाहीचं टीडीएसचं स्टेटमेंट भरलं आणि ऑगस्टमध्ये नऊचे नऊ हजार दिसले. रिटर्नची शेवटची तारीख २०२५ ला १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती म्हणून बरं, नाहीतर ३१ जुलैला मी साडेचारावरच समाधान मानलं असतं.

मैत्रिणी म्हणत होत्या सहज भर, म्हणजे आयटीआर-१, सोपा असतो. काका नको म्हणाले, कारण टीडीएस १९४जे कलमाखाली कापलाय, ते पगार नाही तर प्रोफेशनल फी, सहजमध्ये टाकलं तर रिटर्न सदोष म्हणून नोटीस येऊ शकते. मग सुगम, आयटीआर-४. त्यात नियमाप्रमाणे फीची निम्मी रक्कम उत्पन्न धरली, ४५ हजार. वर एआयएसमध्ये, म्हणजे पॅनवरची कमाई, व्याज वगैरे दाखवणाऱ्या आयकरच्या पत्रकात, अजून एक गंमत निघाली, आजोबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या एफडीचं ४२०० व्याज! मी विसरलेच होते, पण डिपार्टमेंट विसरलं नव्हतं. अठरा होईपर्यंत ते बाबांच्या उत्पन्नात धरायचे, आता माझ्या. तरी टॅक्स शून्यच.

रिटर्न दुपारी भरलं आणि ई-व्हेरिफायला, म्हणजे ते मीच भरलंय हे ऑनलाइन पक्कं करायला, अडकलं. आधारचा ओटीपी बाबांच्या नंबरवर जातो, तो नंबर बदलायचा मी अकरावीपासून पुढे ढकलतेय. बाबा कराडला, दिवसभर शेतात रेंज नाही, संध्याकाळी फोन लागला तेव्हा मी नदीपात्रात पथकाच्या प्रॅक्टिसला. ढोल उतरवून बाजूला गेले, फोन स्पीकरवर, मागे पन्नास ढोल, आणि बाबा ओरडून आकडे सांगतायत. त्यांचं सात मला आठ ऐकू आलं, चुकलं, परत पाठवला. बाबा म्हणाले, "बँकवाले सांगतात ओटीपी कुणाला सांगू नका, आणि तू गावाला ऐकू जाईल असा विचारतेस."

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी ९ हजार आले. आता रूममेटनेही तिचं २६एएस काढलंय, तिच्या कंपनीने कापलेत पण एक रुपया दिसत नाहीये, सोमवारी पहिला मेल टाकतोय.