चाक जमिनीला लागलं पाहिजे : आमची वाटचाल

कुडाळच्या आमच्या गॅरेजसमोर जांभ्याच्या चिऱ्यांचा एक चढ रचून ठेवलाय. नवीन माणूस आला की विचारतो, बांधकाम काढलंत काय? बांधकाम नाही. सस्पेन्शनचं, म्हणजे चाकांना वर-खाली होऊ देणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकअपचं, काम झालेली कुठलीही गाडी इथून बाहेर पडायच्या आधी तिचं एक चाक त्या चिऱ्यांवर चढतं, आणि आम्ही टेप घेऊन उरलेल्या तीन चाकांपाशी बसतो. एखादं चाक हवेत राहिलं, तर काम झालेलं नाही.

हे शिकायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

वडिलांचं काम कमानीचं, म्हणजे एकावर एक पोलादी पाटे रचलेल्या गाडीच्या स्प्रिंगचं. चिरेखाणीवरचे ट्रक यायचे, मेन पाटा तुटलेला असायचा. पाटा बदलायचा, बसलेल्या कमानीला ठोकून पुन्हा बाक द्यायचा, कमान अ‍ॅक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट आवळायचे. मी आयटीआय करून त्यांच्याच हाताखाली उभा राहिलो. २०१० साली महिंद्राची थार आली आणि एकदोन वर्षांत सिंधुदुर्गातली तरुण पोरं ती घेऊन आमच्याकडे यायला लागली. मागणी सगळ्यांची एकच, गाडी उंच करून द्या.

आम्ही करून द्यायचो. त्या थारला पुढे टॉर्शन बार होता, म्हणजे पिळावर स्प्रिंगचं काम करणारी दांडी; बोल्ट पिळला की नाक वर. मागे कमानीचं टोक चेसिसला जोडणारं शॅकल लांब केलं की शेपूट वर. गाडी दिसायची झोकदार, पण आठवड्याभरात परत यायची. पुढे नुसते दणके, चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटलेलं. टॉर्शन बार पिळल्याने गाडी वर जाते, चाकाचा वर-खाली होण्याचा एकूण प्रवास वाढत नाही. चाक खाली जायची जी काही जागा होती, ती आपण उभ्या गाडीतच वापरून टाकलेली असते. खड्डा आला की चाक खाली जायला जागाच उरत नाही. वडील एकदा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "गाडी उंच करून काय करतलस? चाक जमनीक लागाक व्हया."

आज आम्ही जे करतो, ते सगळं या एका वाक्यातून निघालंय. साधा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअर) असलेल्या गाडीचं एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं आणि त्याच अ‍ॅक्सलचं जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं. देवगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कातळाच्या फटीत, ओल्या शेवाळावर गाडी अडकते ती बहुतेक वेळा यामुळेच. इंजिनात ताकद भरपूर असते, ती जमिनीपर्यंत पोचत नाही.

लाँग ट्रॅव्हलचं, म्हणजे चाकाचा प्रवास वाढवायचं, पहिलं खरं काम आम्ही एका मारुती जिप्सीवर केलं. मागे मऊ कमानी, लांब शॉकअप, सगळं मनासारखं बसलं. सड्यावर ट्रायल घ्यायला मीच गेलो. मागचं चाक एका घळीत छान खाली उतरलं, मला आनंद झाला, आणि पुढच्याच उतारावर ब्रेकचं पेडल खोल गेलं. चेसिसपासून हाऊजिंगपर्यंत, म्हणजे अ‍ॅक्सलच्या कवचापर्यंत, येणारा ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) जुनाच, मूळ लांबीचा होता. अ‍ॅक्सल खाली गेला तसा तो ताणला गेला आणि टोकाशी फाटला. लो गिअरमध्ये होतो म्हणून गाडी सावरली. शेजारी त्या जिप्सीचे मालक बसले होते. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी चिरे मागवले.

तेव्हापासून कामाची पद्धत बदलली. नव्या कमानीचा फक्त मेन पाटा लावून आम्ही हाऊजिंग जॅकने पूर्ण वर नेतो, पूर्ण खाली सोडतो. वर जाताना शॉकअप आतून टेकायच्या आधी बंप स्टॉप, म्हणजे धक्का अडवणारा रबरी ठोकळा, टेकलाच पाहिजे. खाली जाताना होजला ढील हवी, अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची स्लाइड (सरकता जोड) सुटता कामा नये, क्रॉस (वळता सांधा) अडकता कामा नये. हे सगळं गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, असताना. चिरे फक्त चाकाखाली, माणूस खाली जाणार असेल तर कधीच नाही.

एक गोष्ट मी पोरांना रोज सांगतो. बुशचे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळकांड्यांचे, बोल्ट गाडी हवेत असताना फायनल आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग आवळा. हवेत आवळलं तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब.

आमचं निम्मं काम आंबा बागायतदारांचं आहे. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, पेट्या किती भरता? पॅराबोलिक कमान सुंदर वस्तू आहे. पाटे कमी, मधे जाड आणि टोकाकडे निमुळते, एकमेकांवर घासत नाहीत म्हणून चाक पटकन खाली जातं. वडिलांनी पहिल्यांदा तो पाटा हातात घेतला तेव्हा कितीतरी वेळ त्याच्या निमुळत्या टोकावरून अंगठा फिरवत होते. पण रिकाम्या गाडीसाठी निवडलेली मऊ कमान भरल्या पेट्यांखाली बसते, आणि बसलेल्या कमानीला वर जायला प्रवासच उरत नाही. म्हणून वजन ठरल्याशिवाय मी मालाची ऑर्डर देत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर बागांच्या वाटांवर झाडं आडवी पडली होती. तेव्हा आमच्या हातच्या दोन गाड्या त्या वाटांवरून आत जाऊन आल्या. त्याचं समाधान आजही आहे.

खाऱ्या हवेचंही बघावं लागतं. यू-बोल्ट आम्ही पुन्हा वापरत नाही, दर वेळी नवे. ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून पुन्हा आवळतो. पाऊस संपला की कमानी धुऊन ग्रीस.

कायद्याचं आधीच सांगतो, काही गिऱ्हाइकं त्यामुळे परत जातात तरीही. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून रस्त्यावर धावणारी गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, मग माझ्याकडे या.

आता जिम्नी यायला लागल्यात. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आणि अखंड अ‍ॅक्सल, त्यामुळे आमच्यासाठी नवा अभ्यास. गाडी उचलली की पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला चेसिसशी आडवा धरणारा दांडा) अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांचा स्टिअरिंगसाठीचा कलता कोन, बदलतो, स्टिअरिंग भरकटतं. सध्या आत एक उभी आहे, स्प्रिंग काढलेली, होजवर खडूची खूण केलेली. वडील सकाळपासून खुर्ची टाकून तिच्याशेजारी बसलेत आणि पुतण्याला जॅक हळू सोडायला सांगतायत.