सीआरएस५०४: १००जीच्या एका पोर्टचे चार २५जी, कुठवर आलं

साहित्य: मायक्रोटिक सीआरएस५०४-४एक्सक्यू नेटवर्क स्विच (१००जी म्हणजे सेकंदाला १०० गिगाबिट), १ मीटरची क्यूएसएफपी२८ (१००जीचं मोठं टोक) ते ४ एसएफपी२८ (२५जीच्या चार शेपट्या) पॅसिव्ह डॅक, म्हणजे प्लगसकट येणारी तांब्याची केबल, चार मशिनमध्ये कनेक्टएक्स-४ एलएक्स नेटवर्क कार्डं. एका २५जी पोर्टला मदरबोर्डवरचा पीसीआयई ३.० चा एक्स४ (चार लेनचा) स्लॉट चालतो. साधारण ३१ गिगाबिटची वाट मिळते.

केबलचं मोठं टोक स्विचमध्येच जातं. उलटं करून, म्हणजे १००जी कनेक्टएक्स कार्डात मोठं टोक आणि स्विचमध्ये चार शेपट्या, असं लावलं तर कार्डाचे चार पोर्ट होत नाहीत. या चुकीत बऱ्याच केबली विनाकारण परत जातात.

राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या स्विचची सिस्टिम) क्यूएसएफपी२८-१-१ ते १-४ हे चार इंटरफेस आधीपासूनच दिसतात, वेगळं स्प्लिट करावं लागत नाही. क्युम्युलस या दुसऱ्या स्विच-सिस्टिमवर मात्र ४एक्स२५जी असं सांगावं लागतं, आणि मेलॅनॉक्स एसएन२७०० स्विचवर चार भाग केले की खालचा शेजारी पोर्ट हातचा जातो.

पहिल्या जोडणीत चारपैकी दोनच लिंक उठल्या. केबल निर्दोष, घोळ एफईसीचा, म्हणजे वाटेतल्या बिटांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगचा. स्विचकडे एफईसी९१ (आरएस-एफईसीचं राउटरओएसमधलं नाव) आणि कार्डाकडे बंद, असं असलं की लिंक उठत नाही. म्हणून दोन्हीकडे ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी आपसात सेटिंग ठरवणं) बंद, वेग २५जी, स्विचवर एफईसी९१. लिनक्समध्ये ईथटूल या कमांडच्या सेट-एफईसीने एन्कोडिंग आरएस. चारही लगेच आल्या. १ मीटरला एफईसी नसतानाही भागतं, पण ५ मीटरच्या पॅसिव्ह डॅकला आरएस-एफईसी लागतेच.

शेपट्यांवरचे १ ते ४ आकडे म्हणजे लेन (१००जी पोर्टातली एक २५जीची वाट), म्हणजेच इंटरफेसचा शेवटचा आकडा. बांधण्याआधी दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा. एकदा गुंडाळी झाली की काळ्या दोऱ्यांत कोण कुणाचं कळत नाही. चारींचं वजन प्लगवर येऊ न देता रॅकच्या खांबाला सैल बांधा.

आयपर्फ३ या प्रोग्रॅमने वेग मोजताना ३.१६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. त्याआधीच्या आवृत्तीत सगळे समांतर प्रवाह एकाच थ्रेडवर चालतात, वेग कमी दिसतो आणि दोष केबलला लागतो.

उरलंय: दुसरा पोर्ट फायबरवर. एसआर४ (प्रत्येक लेनला वेगळे धागे देणारं) मॉड्युल आणि एमपीओ-१२ (बारा धाग्यांचा प्लग) ते चार एलसी (जोडी धाग्यांचे छोटे प्लग) हार्नेस. धागे १ ते ४ पाठवणारे, ९ ते १२ घेणारे, मधले चार रिकामे. एलआर४ किंवा बायडी मॉड्युलं घेऊ नका; ती एकाच धाग्यांच्या जोडीवर प्रकाशाचे रंग मिसळतात, त्यामुळे फोडता येत नाहीत.