बिनआवाजी स्वयंपाक

घरात तान्हं मूल आलं की पदार्थांची वर्गवारीच बदलते. एरवी आपण गोड-तिखट, उपासाचं-बिनउपासाचं, झटपट होणारं आणि वेळखाऊ असे गट पाडतो. आता एकच प्रश्न उरतो, करताना आवाज किती होईल? या हिशोबात थालीपीठ मधल्या गटात येतं. थापण्याचा आवाज बाळाला पाठीवर थोपटल्यासारखाच वाटत असावा, त्याला बाळाची हरकत नसते. ओल्या खोबऱ्याची चटणी मिक्सरमुळे साफ बाद. पोळ्या चालतात, पण पोळपाटाचा एक पाय तोकडा नसला तर. आमच्याकडे आहे.

यंदा नागपंचमीला मी सुट्टी टाकली. बायकोचं ऑफिस होतं, बाळाला सांभाळणाऱ्या मावशींनी सणाची रजा आधीच मागून घेतली होती. घरात मी आणि आठ महिन्यांची लेक. सकाळीच साताऱ्याहून आईचा फोन.

"आज काही चिरू नकोस रे. तवा ठेवायचा नाही, तळायचं तर अजिबात नाही."

"मग खायचं काय?"

"उकडून खा. एक दिवस काही बिघडत नाही."

नागपंचमीला विळी, तवा आणि कढई या तिघांना आमच्या घरात पूर्वीपासून रजा. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं सापडली, ती कहाणी श्रावणात सगळ्यांनीच ऐकलेली असते. म्हणून त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही. लहानपणी मला त्यात फक्त नाग दिसायचा. आता आठ महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन तीच कहाणी आठवली तर नाग बाजूला राहतो आणि पिल्लंच डोळ्यांपुढे येतात.

खरं तर या दिवशी पुरणाची दिंडं करतात. वाफेवरचा पदार्थ, म्हणजे सणाचा नियम पाळला जातो. पण डाळ शिजवा, पुरण वाटा, हे लेकीच्या नियमात बसत नाही. दोन्ही कायद्यांतून सहीसलामत सुटणारा पदार्थ एकच होता, मऊ भात.

दहाच्या सुमारास बाईसाहेब झोळीत झोपल्या. तिच्या झोपेचं मला अजून न उलगडलेलं गणित आहे. शेजारी नवी इमारत उठते आहे, तिथं काँक्रीटचं यंत्र घरघरत असतं, त्याने ती ढिम्म हलत नाही. भंगारवाला कर्ण्यावरून सगळ्या सोसायटीला हाक मारून जातो, तीही चालते. झोळीची स्प्रिंग कुरकुरते, उलट ती थांबली तर डोळे उघडतात. पण स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचं झाकण कितीही हळू उघडा, ते 'टुक्' म्हणालं की संपलं. जगाचा गोंगाट तिला मान्य आहे, घरच्या माणसाचा नाही.

म्हणून कुकर नको. कुकरची शिट्टी हा मुळात सुरक्षिततेचा बंदोबस्त. १६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये झाकणबंद भांड्यात वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करून दाखवली आणि भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानेच बसवली. आपल्या स्वयंपाकघरांत कुकर रुळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आपण त्या झडपेचं घड्याळ करून टाकलं. भाताला दोन, तूरडाळीला तीन, राजम्याला विचारू नका. कोंडलेल्या वाफेत पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, उघड्या पातेल्यात ते १०० ला उकळतं, आणि पुण्याच्या उंचीवर तर त्याच्याही जरा खालीच. एवढ्या फरकापायी आपण घरात रोज ती किंकाळी ऐकून घेतो. त्या दिवशी मला कुठेच जायचं नव्हतं, तेव्हा ते वीस-बावीस अंश मी सोडून दिले.

जाड बुडाचं पातेलं घेतलं. लायटर टकटकतो म्हणून काडेपेटी. वाटीभर इंद्रायणी आणि मूठभर मूगडाळ धुऊन घेतली, पाच-सहा वाट्या पाणी घातलं. इंद्रायणीचा भात चिकट होतो म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत, त्यांनी खुशाल बासमती खावा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेलं हे वाण आंबेमोहोर आणि आयआर-८ यांचं लेकरू. वास आंबेमोहोराच्या घराण्यातला आणि मऊ भाताला हवा तसा चिकटपणा अंगचाच. पाण्यात चमचाभर तूप सोडलं की भात उतू जात नाही, पण पाहिजे तर डाव पातेल्यावर आडवा ठेवावा. झाकण अर्धवट. गॅस बारीक.

पुढचा पाऊण तास करण्यासारखं काहीच नसतं, आणि हेच मला फार आवडलं. मध्येच येऊन तळाशी डाव फिरवायचा, लागलं तर आधणाचं पाणी घालायचं. कुकर लावला की आपण दुसऱ्या कामाला मोकळे होतो आणि खरोखर दुसरं काम करायला लागतो. पातेलं तसं सोडत नाही. ते म्हणतं, इथंच रेंगाळ. मी ओट्याला टेकून खिडकीतून पाऊस बघत उभा राहिलो. भात आधी खदखदतो, मग जड होत जातो तशी त्याची रटरट सुरू होते. हा एवढा आवाज लेकीने मंजूर केला.

शिजल्यावर तिची वाटी आधी काढली. वर्षाची होईपर्यंत वरून मीठ घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यात फक्त साजूक तूप. उरलेल्यात मीठ, हिंग, आणि ताटात घेतल्यावर मेतकूट, लिंबाचं लोणचं, पोह्याचा पापड.

इथं माझा बिनआवाजीपणाचा तोरा जरा उतरला. मेतकुटाचा वास आला आणि डोळ्यांपुढे साताऱ्याचं स्वयंपाकघर उभं राहिलं. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, मोहरी, धने, सगळं वेगवेगळं भाजलेलं. मग सुंठ, हळद, हिंग. मग दळण. त्या भाजण्याची चरचर आणि गिरणीचा खडखडाट आईने मे महिन्यात ऐकून घेतला होता. पापडांचं पीठ तेव्हाच कुटलं, गच्चीवर लाटणी खडखडली, चार बायका एकमेकींवर ओरडल्या. लिंबंही तेव्हाच चिरली, म्हणून तर आज विळी न काढता मला लोणचं मिळालं. माझी शांतता सगळी अशी बरणीत भरून आलेली होती. पहाटे वाळवण उन्हात टाकताना आई आमच्या झोपेपायी पायऱ्या दबकत चढायची की नाही, हे आठवायला मी तेव्हा जागा नसायचो.

पापड गॅसवर भाजला. तवा नाही, तेव्हा आईच्या कायद्यात बसतं असं मी ठरवून टाकलं, फोन करून विचारलं नाही. पण भाजलेला पापड मोडणार कसा? भर दुपारी निजलेल्या घरात त्याचा कडाका भलताच ऐकू येतो. शेवटी तो भातात खोचून ठेवला, जरा मऊ पडू दिला आणि मग खाल्ला. पापडाच्या जातीला हा अपमान आहे, मान्य आहे.

ती उठल्यावर तिचं जेवण झालं. म्हणजे अर्धं तिच्या पोटात, थोडं कानामागे, थोडं माझ्या चष्म्यावर. खालचे दोन दात चमच्यावर टकटक वाजवायचा तिला नवा नाद लागलाय. भात एकदा बाहेर ढकलायचा, त्याचं निरीक्षण करायचं, मग पुन्हा आत घ्यायचा. त्यानंतर आम्ही गोधडीवर लोळलो. मी तिला काही शिकवलं नाही, खेळवलंही फारसं नाही. ती माझ्या शर्टाचं बटण चोखत राहिली आणि मी तिला चोखू दिलं, बटण पक्कं शिवलेलं आहे एवढं बघून. मग दोघंही झोपलो. जाग आली तेव्हा ऊन-पाऊस एकदमच चालू होता आणि ती माझ्याआधी उठून माझ्या नाकात बोट घालत होती.

संध्याकाळी बायको यायच्या आधी आमटी करावी म्हटलं. डाळ, आमसूल, गूळ, गोडा मसाला. चिरण्यासारखं काहीच नाही. लेक जागी होती, तेव्हा आता कुकरला मोकळीक. तिला स्वयंपाकघराच्या दारात चादरीवर बसवलं, पुढ्यात एक स्टीलची वाटी आणि चमचा दिला. सकाळी डब्याच्या 'टुक्'ने दचकणारी हीच बाई आता वाटी फरशीवर आपटून कॉलनी जागवत होती. तेवढ्यात पहिली शिट्टी झाली. चमचा हातातच थांबला. मला वाटलं, आता भोकाड. पण तिने कुकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खदखदून हसली.

दुसरी होईपर्यंत तोंड उघडं ठेवून ती कुकरवरची नजर हलवेना. झाली तशी पुन्हा तेच हसू, या वेळी टाळ्यांसह. तूरडाळीला तीन पुरतात. बायकोने दारात चप्पल काढता काढता विचारलं, "अरे, किती शिट्ट्या करतोयस?" तोवर आम्ही सहावीची वाट बघत होतो. डाळ इतकी शिजली की घोटायला रवी लागलीच नाही.