अडीच अंश

माझ्या मोटरसायकलला पाय ठेवायला फूटबोर्ड आहेत. वळणात गाडी जास्त झोपली तर आधी रस्त्याला घासायलाच म्हणून त्यांच्याखाली एक बोल्ट दिलेला असतो. माझा डावीकडचा घासून घासून निम्मा झाला होता आणि मला त्याचं भूषण वाटायचं, हे आधीच कबूल करतो. कुणी गाडी बघायला आलं की मी मुद्दाम वाकून तो दाखवायचो.

मग एका डाव्या वळणावर बोल्टाच्या ओळखीच्या खरखरीमागून वेगळाच आवाज आला. ठक्क. फूटबोर्ड बिजागरीवर वर दुमडतो, म्हणून त्याच्या घासण्याने फारसं बिघडत नाही. पण त्याच्या मागे साईड स्टँडचा ब्रॅकेट आहे, आणि तो थेट फ्रेमला जोडलेला. तो रस्त्याला टेकला की दुमडत नाही, गाडीलाच उचलतो. मागचं चाक हलकं झालं आणि वीतभर बाहेर सरकलं. मी घाबरून रेस सोडली. नेमकं तेच करायचं नव्हतं, कारण रेस सुटली की वजन पुढे येतं, फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दबतो आणि गाडी नि रस्ता यांमधला उरलासुरला क्लिअरन्सही जातो. पुन्हा ठक्क. वळण संपलं तेव्हा मी माझ्याच लेनमध्ये होतो, यात माझं कर्तृत्व काही नाही.

त्याच रात्री मी गाडी मागून उंच करणारे लांब शॉक्स (मागच्या चाकाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) शोधायला बसलो. मेहुणा शेजारी होता. म्हणाला, "दाजी, आधी मोजू तरी." त्याचं ऐकायची मला सवय नाही, पण टेप त्याच्याकडे होती.

मागच्या एक्सलच्या बरोब्बर वर, सीटखाली, चिकटपट्टीची एक खूण केली. गाडी मागून उचलून चाक अधांतरी ठेवलं आणि एक्सल ते खूण अंतर घेतलं. मग मी हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवून सीटवर बसलो, एका मित्राने हँडल धरलं आणि मेहुण्याने पुन्हा टेप लावली. शॉक आतल्या आत थोडा अडकतो, त्यामुळे एकदा दाबून सोडायचं, एकदा उचलून सोडायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. दोन अंतरांतला फरक म्हणजे सॅग. माझा आला ४२ मिलिमीटर. मागच्या चाकाचा एकूण वर-खाली प्रवास ८०. म्हणजे निम्म्याहून जास्त सस्पेन्शन मी नुसतं बसूनच खाल्लं होतं. ढोबळ नियम एक तृतीयांशाचा आहे. पुढे १३० पैकी ५२ निघाले. माझं वजन ९४ किलो; जॅकेट-बुटांसकट किती, ते मेहुण्याने विचारलं, मी सांगितलं नाही.

आणि हे उभ्या गाडीवरचे आकडे. गाडी ३० अंश झोपवली की स्प्रिंगवरचा भार साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. आधीच निम्मा बसलेला शॉक वळणात आणखी बसतो. बोल्ट झिजवला तो मी फार शूरपणे गाडी झोपवली म्हणून नाही. गाडीच खाली येऊन रस्त्याला भेटत होती.

पहिला उपाय फुकटचा. आकड्यासारखा पाना घेऊन प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) कॉलर शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली. सॅग ३२ वर आला आणि मी खूष. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हे मला माहीत होतं, फक्त ती कुठून दबायला लागते ती जागा बदलते. तरीही वाटलं, भागेल. नाही भागलं. एकाच वळणात दोन-तीन उंचवटे लागोपाठ आले की मागचं टोक डुलायला लागायचं. दबलेली स्प्रिंग परत फेकली जाते तेव्हा तिला आवरायचं काम डॅम्पिंगचं, आणि मूळ शॉक्समध्ये ते जवळपास संपलेलंच होतं.

मग शॉक्स घेतले. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधे) २० मिलिमीटर लांब, माझ्या वजनाची स्प्रिंग आणि रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत फेकली जातानाचं डॅम्पिंग, बदलता येणारे. शॉक तिरपा आणि एक्सलच्या जरा पुढे बसवलेला असल्यामुळे एक्सलपाशी ते २० चे २३ झाले. सॅग २७. म्हणजे मी बसलेला असताना गाडीची मागची बाजू अगदी सुरुवातीपेक्षा ३८ मिलिमीटर वर.

इथे मी फसणार होतो. मागे ३८ मिळाले म्हणजे ब्रॅकेटही ३८ ने वर गेला असं मी धरून चाललो होतो. पण ब्रॅकेट दोन चाकांच्या मधे आहे, किंचित पुढच्या बाजूला. त्याला मागच्या उंचीतला निम्म्याहून कमीच वाटा मिळतो, जेमतेम १७. ज्यांचे पाय आणखी पुढे असतात त्यांना तर शॉक बदलून फारच थोडं हाती लागतं. त्यांनी आधी फोर्क बघावा. मीही फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा टाकल्या आणि ऑइल बदललं. (ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजायची असते. मी पहिल्यांदा स्प्रिंग आत ठेवूनच मोजली, ऑइल कमी पडलं आणि ब्रेक लावला की नाक आधीपेक्षा जास्त डुबायला लागलं. सगळं पुन्हा उघडलं.) पुढचा सॅग ३८ झाला. दोन्ही मिळून ब्रॅकेट सुमारे २५ मिलिमीटर वर. टायरच्या मध्यापासून तो ४३० मिलिमीटर बाहेर आहे. त्रिकोण मांडला. टेकण्याचा कोन ३० वरून साडेबत्तीसच्या आसपास.

अडीच अंश! मेहुणा तोंड दाबून हसला.

वेगाच्या भाषेत तर हे आणखी केविलवाणं आहे. ३० मीटर त्रिज्येचं वळण ३० अंशांत घेतलं तर वेग येतो ताशी ४७ किलोमीटर. ३३ अंश धरले तरी ५०. रुंद टायरमुळे प्रत्यक्षात गाडी याहून जास्त झोपवावी लागते, ते वेगळंच. शर्यत जिंकायला निघालेल्याने या भानगडीत पडू नये. मी वळणं अजून त्याच वेगाने घेतो. फरक इतकाच की त्या वेगाला खाली जागा शिल्लक असते आणि अचानक खड्डा आला तर ती खर्चता येते.

हँडलिंगमधला बदल मात्र अडीच अंशांपेक्षा बराच मोठा वाटला. मागचं टोक पुढच्यापेक्षा २४ मिलिमीटरने जास्त उचललं गेलं, त्यामुळे फोर्कचा तिरपेपणा एक अंशाच्या आत कमी झाला आणि ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला भेटते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) पाच-सहा मिलिमीटरने घटला. आधी वळणात शिरताना हँडलशी हुज्जत घालावी लागायची. आता गाडी सांगितलेलं पहिल्या वेळी ऐकते. सरळ रस्त्यावर वेगात ती अस्थिर होईल ही भीती होती, पण दोन चाकांमधे इतकं लांब अंतर असलेल्या गाडीला एवढ्याने काही झालं नाही.

लहानसहान कटकटी निघाल्याच. मागून उंच झाल्यामुळे साईड स्टँड आखूड पडला आणि गाडी इतकी कलायची की उतारावर लावताना छाती धडधडायची. त्याच्या पायाला जाड पत्र्याची टाच वेल्ड करून घ्यावी लागली. हेडलाईट रस्त्याऐवजी पुढच्या चाकासमोरची माती दाखवायला लागला, तो वर केला. चेनचा ढिलेपणा नव्याने बघितला. मागे बायको बसली की कॉलर दोन खाचा वर, उतरली की दोन खाचा खाली. हे मी निम्म्या वेळा विसरतो.

झिजलेला बोल्ट काढून नवा लावला. ब्रॅकेटच्या खालच्या कडेला मेहुण्याने पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढून ठेवलाय आणि घरी आला की माझ्या आधी खाली वाकून तो बघतो. बोल्टाला तीन चरे आहेत. पट्टा अजून अख्खा आहे.