आधी कोणता प्रश्न? फार्मसी संशोधनाची प्राधान्यं ठरवताना आलेला अनुभव

क्लिनिकल फार्मसीत पुढची काही वर्षं कशावर संशोधन करायचं ते ठरवा, असं विभागाने सांगितलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं : व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा डोस. रोज त्याच्या रक्तातल्या पातळ्या बघणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? समन्वयाचं काम माझ्याकडेच आलं.

पद्धत आम्ही जेम्स लिंड अलायन्सकडून घेतली. ब्रिटनमध्ये २००४ पासून ही मंडळी रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे यांना एकत्र बसवतात आणि उत्तर न मिळालेल्या प्रश्नांतून पहिले दहा निवडतात. प्रश्न मागवले. फार्मासिस्टांकडून आले ते बहुतेक डोस, पातळ्या आणि औषधांच्या आंतरक्रिया यांवरचे.

मग रुग्णांच्या घरच्यांची बैठक झाली. एका बाईंनी आईच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. "मॅडम, यातल्या कुठल्या द्यायच्या?" मी स्ट्रिपा उलटून बघितल्या. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपांवर मागे बारीक अक्षरांत एकच औषध होतं, रक्तदाबाचं अ‍ॅम्लोडिपिन. एक दाखल होण्याआधीची, दुसरी डिस्चार्जच्या वेळची. आई दोन्ही घेत होत्या. "कागदावर नवीन गोळ्या लिहिल्यात. जुनी बंद करा, असं कुठं लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. आणि आमच्या यादीत हा प्रश्नही नव्हता.

त्यानंतरचं काम किचकट. सारखे प्रश्न एकत्र करायचे, प्रत्येकाचं उत्तर आधीच्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यांत मिळतं का ते शोधायचं, मिळालं तर प्रश्न बाद. माझा व्हॅन्कोमायसिनचा प्रश्न इथेच लंगडा पडला. गंभीर एमआरएसए संसर्गात (नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूच्या) नुसत्या ट्रफ पातळीऐवजी, म्हणजे पुढच्या डोसआधीच्या सगळ्यात कमी पातळीऐवजी, एयूसी (दिवसभरात शरीराला मिळालेलं एकूण औषध) बघा, हे २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आलेलंच होतं. उरलेला भाग मी नेमका करून पुन्हा मांडला.

मग डेल्फी, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी मतं घेऊन एकमताकडे जायची पद्धत. तिच्या फेऱ्यांत प्रत्येक प्रश्नाला निनावीपणे १ ते ९ गुण द्यायचे. किमान ७० टक्के जणांनी ७ ते ९ दिले आणि १५ टक्क्यांहून कमी जणांनी १ ते ३ दिले, तर प्रश्न पुढे. ही रेषा आम्ही गुण बघण्याआधीच कागदावर घेतली. असं काम कोणी करणार असेल तर एवढं मात्र नक्की करा. नंतर ठरवायला गेलं की प्रत्येकाला आपल्या प्रश्नापुरती सूट हवी असते. दुसऱ्या फेरीत आपल्या गुणांशेजारी गटाचे गुण दिसतात. व्हॅन्कोमायसिनला माझे ९, गटाचा मध्यक (मधला गुण) ५. वाईट वाटलं. पण पिशवी आठवली आणि मी माझे गुण ६ वर आणले.

शेवटच्या बैठकीत बोलण्याआधी सगळ्यांनी गुपचूप लिहायचं आणि मग एकेकाने वाचायचं, असा नियम होता. त्यामुळे नर्स आणि घरची माणसंसुद्धा ज्येष्ठ डॉक्टरांइतकंच बोलली. कोणत्या गोळ्या वयस्करांना टाळाव्यात यासाठी बिअर्स यादी १९९१ पासून आहे, 'स्टॉप'चे (STOPP) निकष २००८ पासून. बंद केलेली गोळी घरातूनही बंद कशी व्हावी, हा मात्र वेगळाच प्रश्न, आणि तो वर वर सरकत होता. कार्डावर मी लिहिलं होतं, 'डिस्चार्जनंतर औषधांचं पालन'.

"पालन म्हणजे?" त्याच बाई म्हणाल्या. "आम्ही सांगितलेलं ऐकत नाही, असं का?"

मी शब्द खोडला. नवीन कार्डावर तिघांनी मिळून लिहिलं : 'रुग्णालयात बंद केलेलं औषध घरी चालू राहू नये म्हणून डिस्चार्जच्या वेळी कोणी, कधी आणि कसं सांगावं?' ते पहिल्या क्रमांकावर आलं. व्हॅन्कोमायसिन पहिल्या दहात नाही.

आता या प्रश्नावरच्या अभ्यासाचा प्रोटोकॉल (आराखडा) लिहितेय. आम्ही फोनवर विचारून माहिती घेणार होतो. बाईंनी ते बदलायला लावलं : घरी जा, पिशवी उपडी करा आणि मोजा.